पुस्तकातली आकृती कानांनी, बोटांनी: वाचकांचे प्रश्न

दृष्टिहीन आणि अंशदृष्टी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या, आलेख आणि नकाशे एआयच्या मदतीने कसे तयार करायचे, याबद्दल मुंबई आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. चॅटजीपीटी, जेमिनाय, कोपायलट यांपैकी हाताशी असेल ते वापरा. चुका थोड्याफार सगळेच करतात, आणि त्या बहुतेक एकाच जातीच्या असतात.

प्रश्न: माझ्या सातवीच्या वर्गात एक पूर्ण दृष्टिहीन मुलगा आहे. मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, लावून तो वाचतो. विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीचा फोटो देऊन ‘याचं वर्णन कर’ म्हटलं की एआय पानभर लिहून देतो, पण मुलगा म्हणतो, “बाई, काहीच कळलं नाही.” काय चुकतंय?
— शिक्षिका, भांडुप

‘याचं वर्णन कर’ इथेच चुकतंय. एआयला चित्र दिसतं, धडा दिसत नाही. पचनसंस्थेची तीच आकृती एका धड्यात अन्नाचा मार्ग शिकवायला असते, दुसऱ्यात ग्रंथी आणि त्यांचे स्राव शिकवायला, आणि औषधाच्या जाहिरातीत नुसती शोभेला. नुसतं वर्णन मागितलं की उत्तर येतं ते असं: “या चित्रात मानवी शरीराचा वरचा भाग दाखवला असून विविध अवयव आकर्षक रंगांत रेखाटले आहेत. मध्यभागी गुलाबी रंगाचा…” ‘आकर्षक’ हा शब्द दिसला की समजावं, गाडी भरकटली.

चित्राबरोबर चार गोष्टी द्या. इयत्ता आणि माध्यम. आकृतीच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद. आकृती पाहून मुलाला काय कळायला हवं, ते एका वाक्यात. आणि पुस्तकातले पारिभाषिक शब्द, जसेच्या तसे. ही शेवटची गोष्ट वगळू नका, कारण मराठीत उत्तर देताना एआय सर्रास हिंदी परिभाषेत घसरतो. जठराचं ‘आमाशय’ आणि स्वादुपिंडाचं ‘अग्न्याशय’ होतं, आणि मुलगा हे शब्द पुस्तकात शोधत बसतो.

सूचना साधारण अशी लिहा: “सातवी, मराठी माध्यम. विद्यार्थी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर ऐकणार आहे. आकृतीचा उद्देश: अन्नाचा मार्ग क्रमाने कळावा. फक्त दिलेले शब्द वापर. आधी एका वाक्यात आकृती कशाची ते सांग, मग अन्न जातं त्या क्रमाने भाग सांग. रंग सांगू नकोस. ८० शब्दांच्या आत. जे नीट दिसत नाही ते ‘दिसत नाही’ असं लिही, अंदाज करू नकोस.”

एवढं दिल्यावर आणि हातानं दुरुस्त केल्यावर मजकूर असा उरतो:

“मानवी पचनसंस्था, समोरून. अन्नाचा मार्ग वरून खाली: तोंड, घसा, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, गुदद्वार. अन्ननलिका छातीतून सरळ खाली येते. जठर पिशवीसारखे, शरीराच्या डाव्या बाजूला. लहान आतड्याची वेटोळी पोटाच्या मध्यभागी. मोठे आतडे त्यांच्याभोवती चौकटीसारखे: शरीराच्या उजव्या बाजूने वर, मग आडवे, डाव्या बाजूने खाली. यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड या मार्गाच्या बाजूला आहेत. त्यांतून अन्न जात नाही, त्यांचे स्राव लहान आतड्यात येतात.”

डावं-उजवं दरवेळी स्वतः तपासा. समोरून काढलेल्या आकृतीत शरीराची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते, आणि एआय एकाच उत्तरात कधी पाहणाऱ्याची बाजू धरतो, कधी शरीराची. विद्यार्थी स्वतःच्या पोटावर हात ठेवून समजून घेणार आहे, म्हणून शरीराचीच बाजू लिहा.

सांगण्याचा क्रमही विषयावर ठरतो. विद्युत परिपथ असेल तर घटाच्या धन टोकापासून निघा आणि वाटेत येणारा प्रत्येक घटक सांगत ऋण टोकाशी या. समांतर जोडणी असेल तर फाटा कुठे फुटतो आणि कुठे परत मिळतो, ते सांगा. प्रयोगाची मांडणी असेल तर टेबलावरून वर. जलचक्राला सुरुवात-शेवट नसतो; समुद्रापासून निघून समुद्राशी परत आलं म्हणजे झालं.

प्रश्न: वर्णन तयार होतं, पण वर्डच्या फाइलमध्ये ते नेमकं कुठे घालायचं? पीडीएफ केल्यावर नाहीसं होतं.
— शाळेचे लिपिक, कुर्ला

वर्डमध्ये चित्रावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू ऑल्ट टेक्स्ट’ निवडा (ऑल्ट टेक्स्ट म्हणजे चित्राला जोडलेलं, स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन). उजवीकडे चौकट उघडते. तिथे फक्त एक-दोन वाक्यं टाका, म्हणजे चित्र कशाचं आहे आणि सविस्तर वर्णन कुठे आहे एवढंच. लांब वर्णन चित्राच्या खाली साध्या मजकुरात द्या. ऑल्ट टेक्स्ट स्क्रीन रीडर एका दमात वाचून टाकतो, त्यात मागे जाऊन एखादा शब्द पुन्हा ऐकणं कटकटीचं असतं. साध्या मजकुरात मूल ओळीओळीनं फिरू शकतं, आणि खालचं वर्णन वर्गातल्या इतर मुलांनाही उपयोगी पडतं.

त्या चौकटीत वर्डनं आपणहून काही इंग्रजीत लिहून ठेवलं असेल, तर आधी पुसा. नाहीतर मराठी धडा ऐकता ऐकता मुलाला मध्येच ‘डिस्क्रिप्शन ऑटोमॅटिकली जनरेटेड’ ऐकू येतं. कोपऱ्यातली वेलबुट्टी, शाळेच्या नावाखालची रेघ असल्या गोष्टींसाठी ‘मार्क अॅज डेकोरेटिव्ह’ वर टिक करा.

चित्राची मांडणी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. चित्र पानावर तरंगतं ठेवलं, तर स्क्रीन रीडर ते भलत्याच ठिकाणी वाचतो किंवा गाळतो. चित्रावर वेगवेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये नावं टाकली असतील, तर सगळं निवडून एक गट करा आणि त्या गटाला एकच ऑल्ट टेक्स्ट द्या.

पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका. वर्णन हरवतं ते तिथेच. ‘सेव्ह अॅज’ मधून पीडीएफ निवडा आणि ‘ऑप्शन्स’ मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अॅक्सेसिबिलिटी’ वर टिक आहे ना, ते बघा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गृहपाठाचं चित्र टाकत असाल, तर वर्णन त्याच चित्राच्या कॅप्शनमध्ये लिहा. वेगळा मेसेज पाठवला की मध्ये दहा ‘धन्यवाद सर’ येतात आणि चित्र कुठलं, वर्णन कुठलं, याचा पत्ता लागत नाही.

प्रश्न: मुंबईच्या मासिक पावसाचा स्तंभालेख एआयला दिला. त्यानं आकडे ठामपणे सांगितले, पण बरेच चुकीचे निघाले. असं का होतं?
— भूगोल शिक्षक, मुलुंड

चित्र आत जाताना लहान केलं जातं, तुकड्यांत मोडलं जातं. जाळीच्या बारीक रेषा त्यात पुसट होतात. मग स्तंभाची उंची ‘साधारण एवढी’ म्हणून उरते, आणि साधारण जिथे असतं तिथे एआय आपल्याकडची माहिती भरतो. मुंबईत जुलैत सर्वाधिक पाऊस पडतो हे त्यानं हजार ठिकाणी वाचलेलं असतं. तुमच्या स्वाध्यायात मुद्दाम ऑगस्टचा स्तंभ सर्वांत उंच ठेवला असेल, तरी उत्तरात जुलै यायची शक्यता असते. त्यामुळे चूक पकडणं आणखी अवघड होतं, कारण उत्तर वाचायला अगदी पटण्यासारखं असतं.

मूळ आकडे हाताशी असतील तर आलेख वाचून घेऊच नका, आकडेच द्या. नसतील तर दोन टप्प्यांत काम करा. फोटो वरून सरळ काढा, पान वाकडं नको, एका फोटोत एकच आलेख. पहिल्यांदा फक्त अक्ष विचारा: शीर्षक, एकक, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, दोन खुणांमधलं अंतर. ते बरोबर आलं तरच स्तंभांचे आकडे विचारा, आणि तक्त्यात मागा.

मग पट्टी घ्या. समजा, ० ते १००० मिमीचा अक्ष कागदावर ८ सेमी भरला. म्हणजे कागदावरचा १ मिमी बरोबर १२.५ मिमी पाऊस. जूनचा स्तंभ ५.६ सेमी असेल तर ७०० मिमी. असे तीन स्तंभ तपासा: सर्वांत उंच, सर्वांत बुटका आणि मधला एक. एकही बराच चुकला तर सगळे हातानं मोजा. बारा स्तंभांना पाच मिनिटं लागतात.

विद्यार्थ्याला शेवटी तक्ताच द्या, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असलेला. वर एक वाक्य पुरे: “मुंबईचा मासिक पाऊस, मिलिमीटरमध्ये, जानेवारी ते डिसेंबर.” ‘पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाऊस एकवटलेला दिसतो’ हे वाक्य घालायचं की नाही, ते स्वाध्यायावर ठरवा. तेच शोधायला सांगितलं असेल, तर एआयनं हौसेनं लिहिलेलं हे वाक्य काढून टाका.

प्रश्न: एआयकडून थेट स्पर्शचित्र, म्हणजे बोटांनी वाचायची आकृती, तयार करून घेता येईल का? आमच्याकडे ब्रेल एम्बॉसर, म्हणजे ठिपके उठवणारा प्रिंटर, नाही.
— विशेष शिक्षिका, दादर

चित्र बनवणाऱ्या एआयला ‘टॅक्टाइल डायग्राम’ म्हणून मागाल, तर उठावदार दिसणारं, सावल्या टाकलेलं झकास चित्र मिळेल. डोळ्यांना ते उठावदार दिसतं, बोटांना कामाचं नसतं. देवनागरी अक्षरं तर त्यात हमखास मोडकी येतात: जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. चित्र मागण्यापेक्षा एआयकडून दोन वेगळी कामं करून घ्या.

पहिलं काम, काय गाळायचं ते ठरवणं. बोटाच्या टोकाखाली एका वेळी जेमतेम सेंटिमीटरभर जागा येते. डोळ्यांनी क्षणात दिसणारी आकृती बोटांनी तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागते. पुस्तकातली आकृती द्या आणि विचारा: “यातले कोणते भाग उद्देशासाठी आवश्यक, कोणते गाळता येतील, आणि आकृती दोन पानांत विभागायची तर कशी?” या कामात एआय खरंच उपयोगी आहे. पचनसंस्थेसाठी सहसा सुचतं ते योग्य असतं: एका पानावर फक्त अन्नमार्ग, दुसऱ्यावर जठर आणि त्याभोवतीच्या ग्रंथी, चेहऱ्याचे तपशील गाळा, लहान आतड्याची वीस वेटोळी न काढता तीन मोठी वळणं काढा. खोली दाखवणारं, तिरक्या कोनातून काढलेलं चित्र बोटांना कळत नाही. घन वस्तू असेल तर वरून दिसणारं किंवा आडवा छेद, यांपैकी एकच दृश्य ठेवा.

दुसरं काम, रेषाचित्राचा एसव्हीजी कोड लिहून घेणं. हे चित्र रेषांच्या मापांनी बनतं, त्यामुळे आकडे तुमच्या हातात राहतात. सूचना द्या: पान २१० × २९७ मिमी, फक्त काळ्या रेषा, भराव नाही, मुख्य रेषेची जाडी १.५ मिमी, दोन रेषांमध्ये किमान ३ मिमी मोकळी जागा, अक्षरं नकोत. मिळालेला कोड नोटपॅडमध्ये चिकटवून, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवून, नावाच्या शेवटी .svg हे इंग्रजी अक्षरांतलं शेपूट लावून जतन करा. इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये तो उघडतो आणि दुरुस्त करता येतो.

भूमितीच्या आकृत्या, आलेख, परिपथ, किरणाकृती या वाटेनं चांगल्या येतात. जीवशास्त्राच्या नाही. जठर अंड्यासारखं येतं आणि हृदयाच्या झडपा भलतीकडे उघडतात. तिथे पुस्तकातल्या आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून हातानं गिरवलेलंच बरं.

आता कागदावर उठाव. जर्मन फिल्म, म्हणजे रेघ उठणारा पातळ प्लॅस्टिकचा कागद, रबरी पाटीवर ठेवून बॉलपेननं दाबून रेघ ओढली की ती त्याच बाजूला उठते, म्हणून चित्र सरळ ठेवा. शिंप्याचं ट्रेसिंग व्हील ब्रेलच्या जाड कागदावर फिरवलं तर ठिपके मागच्या बाजूला उठतात, म्हणून छापण्यापूर्वी चित्र आडवं उलटवा, आरशात दिसतं तसं. हे विसरलं की जठर उजवीकडे जातं आणि नकाशात अरबी समुद्र मुंबईच्या पूर्वेला येतो. फुगणारा कागद मिळाला तर त्याच्या लेप असलेल्या बाजूला काळ्या शाईत छापून तापवण्याच्या यंत्रातून काढतात. काळा भाग उष्णता शोषून फुगतो. मोठा काळा भराव ठेवला तर तो ओबडधोबड फुगून कडा बुजवतो. राखाडी रंग अर्धवट फुगतो. लेझर प्रिंटरमध्ये घालण्यापूर्वी हा कागद त्या प्रिंटरला चालतो का, ते पाकिटावर बघा, कारण प्रिंटरच्या आतल्या उष्णतेनं कागद तिथेच फुगायला लागू शकतो.

नावांसाठी जागा लागते. ब्रेलचं एक अक्षरघर साधारण ६ मिमी रुंद, ओळ १० मिमी उंच, आणि ते लहान करता येत नाही. ‘जठर’ तीन घरांत बसतं. ‘स्वादुपिंड’ला भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीची ब्रेल) दहा घरं लागतात, म्हणजे ६ सेमी, पानाच्या रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणून आकृतीवर एक-दोन अक्षरांच्या खुणा आणि वेगळ्या पानावर त्यांची सूची. ब्रेल मजकूर चॅटमधून करून घेऊ नका, ठिपके चुकतात आणि डोळसाला ते कळत नाही. लिबलुइस किंवा डक्सबरीसारख्या रूपांतर करणाऱ्या साधनातून काढा, पट्ट्या कापून चिकटवा.

तपासणी ज्याला ती आकृती ठाऊक नाही अशा ब्रेल वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडून करा. शिक्षकानं डोळे मिटून बोट फिरवणं ही तपासणी नव्हे. वरळीची नॅब (दृष्टिहीनांसाठीची राष्ट्रीय संघटना) आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी (दृष्टिहीनांसाठीचं साधन केंद्र) या मुंबईतल्या संस्था, तसंच स्पर्शचित्रांची पुस्तकं करणारं आयआयटी दिल्लीतलं रेज्ड लाइन्स फाउंडेशन, यांच्याकडे तुमची आकृती आधीच तयार आहे का, ते विचारून मगच कात्री हातात घ्या.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, अंशदृष्टी आहे. पुस्तकातली चित्रं एआयनं ‘एन्हान्स’ करून मोठी करतो. चालेल ना?
— पालक, डोंबिवली

फोटो म्हणून पाहायला चालेल, अभ्यासाला नको. एन्हान्स करणारा एआय अस्पष्ट भाग स्पष्ट करत नाही, तिथे काय असावं ते नव्यानं रंगवतो. पुसट ‘आतडे’च्या जागी देवनागरीसारखी दिसणारी भलतीच नक्षी येते, नकाशातली नदी थोडी सरकते. पान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. दुप्पट मोठं छापलं तरी रेघ स्वच्छ राहते.

खरा फायदा मागचा रंगीत पडदा आणि सावल्या काढून आकृती नव्यानं मांडण्यात आहे. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मानकानुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५:१ आणि आकृतीच्या महत्त्वाच्या रेषांना ३:१ इतका फरक हवा. पांढऱ्यावर भडक पिवळा जेमतेम १.०७:१ भरतो, शुद्ध लाल ४:१, म्हणजे रेषेला चालतो, बारीक अक्षरांना कमी पडतो, शुद्ध निळा ८.६:१. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. लोकलचा नकाशा करताना पश्चिम रेल्वे सलग रेघ, मध्य तुटक, हार्बर ठिपक्यांची, अशी खूणही द्या. अक्षरांसाठी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला मोफत फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) गुगल फॉन्ट्सवर मिळतो, सुटसुटीत आहे. ओळींमध्ये दीडपट जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

आणि लॅमिनेट करू नका. ट्यूबलाइटखाली ते चमकतं, सगळी मेहनत वाया. पांढरा कागदही काहींना खुपतो; फिकट पिवळा की काळ्यावर पांढरं, ते मुलीलाच निवडू द्या.

प्रश्न: नकाशांचं काय करायचं?
— बरेच वाचक

चित्र बनवणाऱ्या एआयकडून भारताचा नकाशा काढून घेऊ नका. सीमा चुकतात, बेटं गळतात, आणि देशाची चुकीची बाह्यसीमा छापणं कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतं. आधार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचाच घ्या.

वर्णन करताना किनाऱ्याची वळणं सांगत बसू नका. कोण कशाच्या कुठे आहे ते सांगा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा नकाशा घ्या. “एक तलाव वर डावीकडे, दुसरा त्याच्या जरा खाली” अशानं हाती काही लागत नाही. हे बघा: “तुळशी आणि विहार मुंबईतच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. बाकीचे पाच शहराबाहेर ईशान्येला. त्यांपैकी तीन वैतरणा नदीवर, प्रवाहाच्या दिशेनं: ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर. तानसा आणि भातसा आपापल्या नावाच्या नद्यांवर. सर्वांत दूर ऊर्ध्व वैतरणा, नाशिक जिल्ह्यात.” एआयला ‘नदीप्रमाणे गट कर’ म्हणून सांगावं लागतं, आपणहून तो पानावरची जागाच सांगत सुटतो.

प्रश्न: जुन्या नोट्सच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की नुसती अगम्य चिन्हं येतात. स्क्रीन रीडरही तेच वाचतो.
— क्लासचालक, ठाणे

फाइल युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. पानाचं चित्र करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढून घ्या. गुगल ड्राइव्हवर टाकून ‘ओपन विथ गुगल डॉक्स’ केलं तरी बऱ्यापैकी काम होतं. एआयला दिलंत तर “जसंच्या तसं उतर, शुद्धलेखन किंवा वाक्यं सुधारू नकोस” हे लिहाच, नाहीतर तो गुळगुळीत करून देतो आणि एखादी ओळ गिळतो. आकडे, घातांक आणि रफार हे तीन डोळ्यांखालून घाला.

प्रश्न: प्रश्नपत्रिकेत ‘आकृतीत क ने दाखवलेला भाग ओळखा’ असं असेल तर वर्णन करावं कसं? केलं तर उत्तरच फुटतं.
— मुख्याध्यापिका, विलेपार्ले

फुटतं खरं, आणि एआय तर फोडायलाच बसलेला असतो. डोळ्याच्या आकृतीत ‘क’ दृष्टिपटलावर असेल, तर तो लिहितो: “क ही खूण दृष्टिपटल दाखवते, जिथे प्रतिमा तयार होते.” प्रश्न आणि अपेक्षित उत्तर दोन्ही त्याला द्या आणि बजावा की भागाचं नाव आणि कार्य लिहायचं नाही, फक्त जागा आणि आकार लिहायचा. मग असं काही मिळतं: “डोळ्याचा उभा छेद, बाजूने. प्रकाश डावीकडून आत येतो. क ही खूण गोलाच्या मागच्या बाजूच्या सर्वांत आतल्या पातळ थरावर आहे.” डोळस मुलाला आकृतीतून जेवढं कळतं तेवढंच यातून कळलं पाहिजे, जास्त नाही, कमीही नाही. दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला नुसतं वर्णन वाचायला द्या. ज्याला विषय येत नाही त्यालाही उत्तर देता आलं, तर वर्णन फुटकं आहे.

काही प्रश्न शब्दांत उतरतच नाहीत. ‘आरशातली प्रतिमा ओळखा’चं वर्णन म्हणजे उत्तरच. तिथे स्पर्शचित्र द्या किंवा तेवढ्याच गुणांचा दुसरा प्रश्न. आणि न झालेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका खासगी खात्यावरून कुठल्याही एआयवर चढवू नका. सरावासाठी जुनी घ्या.

प्रश्न: पुस्तकातली चित्रं अशी बदलणं कायद्यात बसतं का?
— ग्रंथपाल, परळ

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा आली आहे, अट अशी की त्यातून नफा कमवायचा नाही. खुल्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवता येईल अशी टाकू नका. ज्याच्यासाठी केली त्याला द्या. वर्गातल्या मुलांचे चेहरे, हजेरी क्रमांक, अपंगत्वाचं प्रमाणपत्र फोटोत येत असेल तर एआयला देण्याआधी कापून टाका.

प्रश्न: मी स्वतः दृष्टिहीन आहे, अकरावीत विज्ञान शाखेत. आकृतीचा फोटो काढून एआयला विचारतो. तो चुकतोय हे मला कळणार कसं?
— विद्यार्थी, घाटकोपर

‘बी माय आइज’ मधलं एआय असो की दुसरं कुठलं, काही सवयी लावून घे. होकार काढणारे प्रश्न विचारू नकोस. “अ कडून ब कडे बाण आहे ना?” म्हटलं की ‘हो’ यायची शक्यता जास्त. “अ पासून निघणारे सगळे बाण कुठे जातात?” असं विचार. वर्णनाआधी आकृतीवर छापलेली अक्षरं नुसती वाचून घे आणि पुस्तकाच्या मजकुराशी ताडून बघ. नावंच चुकली तर फोटो पुन्हा काढ. फोन पानावर टेकवून सरळ वर, साधारण एक फूट उचल, आणि खोलीत दिवा लाव, तुला लागत नसला तरी.

तोच फोटो नव्या चॅटमध्ये, वेगळ्या शब्दांत पुन्हा विचार. दोन्हीकडे सारखं आलं म्हणजे बरोबरच, असं नाही, पण वेगळं आलं तर तिथे नक्की गडबड आहे. त्याच चॅटमध्ये ‘नक्की का?’ विचारून उपयोग नाही. एकदा तो माफी मागून बदलतो, एकदा ठाम राहतो, आणि दोन्हीचा खरेपणाशी संबंध नसतो.

मोजणी, कोन, आलेखावरचे बिंदू, वलयी संयुगांतले बंध, हे चार डोळस माणसाकडूनच तपासून घे. बेंझिनच्या वलयाला कुठल्या कार्बनवर काय जोडलंय, हे एआय फार सफाईनं चुकीचं सांगतो. पुस्तकात संयुगाचं नाव दिलेलं असेल, तर नावावरून रचना तूच मांड आणि मग आकृतीशी जुळते का, ते विचार.